गोड्या पाण्यातील कवकांचे वर्गीकरण : रूपलक्षणे आणि जनुकीय पुरावा

प्रस्तावना

इंदूरच्या लालबाग राजवाड्याच्या कडेने खान नदी वाहते. तेथील जुन्या झाडांची पाने दर साल गळतात. काही मातीवर पडतात, काही पाण्यात. मातीवर पडलेल्या पानांचे पुढे काय होते, या विषयावर याच शहरात मोलाचे काम झालेले आहे. अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री'चे संचालक होते. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेल्या १९३१ च्या ग्रंथात त्यांनी काडीकचरा व शेण यांपासून खत तयार करण्याची जी रीत मांडली, ती आजही 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. हॉवर्ड यांनी त्याआधी वेस्ट इंडीज बेटांवर कवकशास्त्रज्ञ म्हणून काम केले होते. कुजणे ही नासाडी नसून ते एक काम आहे आणि ते करणारे जीव आहेत, ही दृष्टी अशा माणसाला असणे स्वाभाविक होते.

पाण्यात पडलेल्या पानाचे काय होते, हा प्रश्न मात्र बराच काळ मागे राहिला. वाहत्या ओढ्यात पडलेले पान काही दिवसांत मऊ पडते, त्याच्या शिरांचे जाळे उघडे पडते आणि पाण्यातील कीटकांच्या अळ्या ते खाऊ लागतात. हे पान मऊ करणारे आणि त्याला पौष्टिक करणारे जीव म्हणजे प्रामुख्याने कवक, अर्थात बुरशी. कोरड्या पानात अळीला उपयोगी पडेल असे फार थोडे असते. त्यावर कवकाचे तंतू वाढले की तेच पान तिचे अन्न होते. ओढ्यातील माशांपर्यंत पोचणाऱ्या अन्नसाखळीची एक महत्त्वाची कडी ही अशी डोळ्यांना न दिसणारी आहे.

गोड्या पाण्यातील कवकांच्या ३,८०० हून अधिक जाती आजवर नोंदल्या गेल्या आहेत. जगातील एकूण कवकांचा अंदाज डेव्हिड हॉक्सवर्थ व रॉबर्ट ल्यूकिंग यांनी २०१७ मध्ये २२ ते ३८ लाख जाती असा केला. वर्णन झालेल्या जाती मात्र दीड लाखाच्या आसपास आहेत. तेव्हा नवी जात सापडणे ही दुर्मीळ घटना नाही. अवघड आहे ते सापडलेल्या जातीला तिची योग्य जागा देणे. प्रस्तुत लेखात हे काम सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या रूपावरून आणि डीएनएच्या वाचनावरून कसे केले जाते, दोहोंपैकी एकावरच विसंबले तर काय बिघडते, आणि याचा महाविद्यालयीन अध्यापनाशी काय संबंध आहे, याचा विचार केला आहे. लेखात 'जात' हा शब्द स्पीशीज या अर्थी व 'प्रजाती' हा शब्द जीनस या अर्थी योजला आहे.

चार हातांचे बीजाणू

१९४२ साली इंग्लंडमधील सी. टी. इंगोल्ड यांनी ओढ्यात कुजणाऱ्या ऑल्डर वृक्षाच्या पानांवरील कवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लेस्टरजवळच्या एका लहानशा ओढ्यात त्यांना जे बीजाणू दिसले, ते नेहमीच्या गोल वा अंडाकृती बीजाणूंसारखे नव्हते. कित्येकांना मध्यबिंदूपासून चार दिशांना पसरलेले चार हात होते. काही लांब, किंचित वळलेल्या दोऱ्यासारखे होते. या कवकांना पुढे इंगोल्ड यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. इंगोल्ड १०४ वर्षे जगले आणि २०१० मध्ये निवर्तले. त्यांनी ज्या आकारांवरून ही कवके ओळखली, त्या आकारांविषयीची समजूत पूर्ण बदललेली त्यांच्याच हयातीत दिसून आली.

या आकाराला कारण आहे. वाहत्या पाण्यात गोल बीजाणू पानावर आदळून निसटून जातो. चार हातांचा बीजाणू तीन टोकांनी एकाच वेळी टेकतो, तिपाईसारखा स्थिर होतो आणि टेकलेल्या टोकांतून अंकुर फोडतो. ओढ्यात खडकाच्या आडोशाला जो फेस साचतो त्यातही हेच बीजाणू अडकतात. म्हणूनच फेसाचा एक थेंब काचपट्टीवर घेतला तर कधी कधी डझनभर जाती एकदम दिसतात. वर्गीकरण करणाऱ्यास ही मोठीच सोय. बीजाणू इतके वैशिष्ट्यपूर्ण की चित्राशी ताडून नाव सांगता यावे.

पण सोयीतच फसगत होती. जो आकार पाण्यात उपयोगी आहे, तो वेगवेगळ्या घराण्यांतील कवकांनी स्वतंत्रपणे कमावलेला असू शकतो. मासा आणि देवमासा दिसायला सारखे, पण कुळाने दूरचे, तसेच हे. याला अभिसारी उत्क्रांती म्हणतात. भाषेच्या अध्यापकाला हा प्रकार परका नाही. देवनागरीत 'आम' हा एकच शब्द दिसतो. पण 'आम जनता' यातील आम अरबीतून आलेला आहे आणि हिंदी-उर्दूतील आंब्याचा आम संस्कृत 'आम्र' वरून आलेला आहे. देवनागरी लिपी हा भेद दाखवीत नाही. उर्दू लिपीत मात्र पहिला ऐनने आणि दुसरा अलिफने लिहिला जातो, म्हणजे अक्षरांतच वंश शाबूत राहतो. बीजाणूचा आकार ही देवनागरीतील 'आम' सारखी साक्ष आहे; डीएनए ही उर्दू हिज्ज्यांसारखी.

अँग्विलोस्पोरा या प्रजातीचे उदाहरण बोलके आहे. अँग्विला म्हणजे वाम मासा; नागमोडी, वामेसारखा बीजाणू असणाऱ्या सर्व जाती या एका नावाखाली ठेवल्या होत्या. काही जातींच्या लैंगिक अवस्था सापडल्या तेव्हाच शंका आली होती, कारण त्या अवस्था एकमेकींशी जुळत नव्हत्या. २००५-०६ च्या सुमारास जनुकीय अभ्यास झाले आणि शंका खरी ठरली. अँग्विलोस्पोरा लाँगिसिमा ही प्लिओस्पोरेल्स गणात पडली, तर अँग्विलोस्पोरा क्रासा हेलोशिएल्स गणात. हे दोन गण तर वेगळेच, त्यांचे वर्गही वेगळे. चार हातांच्या बीजाणूंचीही तीच कथा. अशी बहुसंख्य कवके अॅस्कोमायकोटा संघातील वेगवेगळ्या शाखांवर विखुरलेली निघाली आणि इंगोल्डिएलासारखी काही तर भूछत्रांच्या, म्हणजे बेसिडिओमायकोटा संघातील ठरली.

डीएनएचे वाचन कसे होते

ज्ञानेश्वरीच्या किंवा मीरच्या दिवाणाच्या हस्तलिखित प्रती एकमेकींशी ताडून त्यांची वंशावळ लावता येते, हे साहित्याच्या अभ्यासकास ठाऊक आहे. ज्या प्रतींत एकच चूक आढळते त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असण्याचा संभव अधिक. डीएनएच्या बाबतीत तत्त्व तेच. पिढ्यान्‌पिढ्या नक्कल होताना अक्षरे बदलतात. सामाईक बदल सामाईक पूर्वज दाखवितात.

यासाठी जनुकाचा कोणता भाग निवडायचा हा कळीचा प्रश्न असतो. पेशीत प्रथिने बनविणारे रायबोसोम ज्या जनुकांवरून तयार होतात, ती जनुके सर्व जीवांत असतात आणि फार सावकाश बदलतात. कारण त्यांत चूक झाली तर जीवच जगत नाही. सर्वांना पाठ असलेल्या ओवीत चूक टिकत नाही, तसे हे. या जनुकांच्या मधोमध मात्र एक पट्टा असतो जो रायबोसोमचा भाग होत नाही. त्यात बदल साठत जातात. हा पट्टा 'आयटीएस' या नावाने ओळखला जातो. दोन्ही बाजूंना न बदलणारा मजकूर आणि मध्ये बदलणारा, अशी रचना असल्याने एकाच प्रकारच्या प्रायमरने बहुतेक सर्व कवकांतून हा तुकडा उचलता येतो. हे प्रायमर १९९० मध्ये टॉम व्हाइट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले आणि २०१२ मध्ये आयटीएस हा कवकांचा अधिकृत 'बारकोड' म्हणून सुचविला गेला.

प्रत्यक्ष कृती थोडक्यात अशी. एकच बीजाणू उचलून माल्ट अगारवर वाढवितात. तंतूंतून डीएनए वेगळा करतात. पीसीआरने आयटीएसच्या लक्षावधी प्रती काढतात आणि त्यांचा अनुक्रम वाचून घेतात. मग तो जेनबँक या सार्वजनिक साठ्यातील अनुक्रमांशी ताडला जातो. जवळच्या जातींचे अनुक्रम एकाखाली एक मांडून वंशवृक्ष काढतात. एकट्या आयटीएसवर न थांबता रायबोसोमच्या मोठ्या उपघटकाचे जनुक व इतर एकदोन जनुकेही वाचण्याची आता रीत आहे.

येथे एक सावधगिरी अध्यापकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. '९७ टक्के जुळले म्हणजे जात तीच' हा नियम सोयीचा असला तरी निसर्गाचा नाही. काही प्रजातींत वेगळ्या जातींचे आयटीएस याहून अधिक जुळतात. दुसरे असे की, साठ्यातील अनुक्रमावर लिहिलेले नाव बरोबरच असते असे नाही. २००६ मध्ये झालेल्या एका तपासणीत कवकांच्या सुमारे एक पंचमांश अनुक्रमांची जातिनिश्चिती चुकीची असावी, असे दिसून आले. चुकीचे नाव लिहिलेल्या पाकिटाशी आपले पाकीट ताडून पाहिले तर पत्ता चुकणारच.

'जलप्रिया'

दोन्ही पुरावे एकत्र आले की काय साधते, याचा एक चांगला नमुना म्हणजे डिक्टिओस्पोरिएसी हे कुल. पाण्यात बुडालेल्या लाकडावर वाढणाऱ्या काही कवकांचे बीजाणू हाताच्या पंजासारखे असतात, पेशींच्या रांगा बोटांसारख्या शेजारी शेजारी. अशा बहुतेकांना डिक्टिओस्पोरियम या १८३६ सालच्या जुन्या प्रजातीत टाकण्याचा प्रघात होता. २०१६ मध्ये अनेक देशांतील संशोधकांनी मिळून या गटाचे जनुकीय विश्लेषण केले, तेव्हा पंजाच्या आत दडलेले भेद उघड झाले. बोटे एका पातळीत चपटी आहेत की गोलाकार जुडीसारखी, टोके आत वळलेली आहेत काय, टोकाला रंगहीन उपांगे आहेत काय, हे पूर्वी किरकोळ वाटणारे फरक वंशवृक्षाच्या फांद्यांशी जुळले. त्यातून स्वतंत्र प्रजाती निर्माण झाल्या. त्यांपैकी एकीचे नाव 'जलप्रिया' असे ठेवण्यात आले. पाणी जिला प्रिय आहे ती. लॅटिन व ग्रीक नावांच्या गर्दीत हे संस्कृत नाव मराठी विद्यार्थ्याला न समजावता समजते.

या उदाहरणातील मुद्दा असा की, डीएनएने रूपलक्षणांना बाद केले नाही. कोणत्या लक्षणाकडे पाहावे हे त्याने शिकविले, आणि पुढच्या अभ्यासकाला सूक्ष्मदर्शकाखालीच प्रजाती ओळखता येऊ लागली.

जे कवक नव्हतेच

वर्गीकरणातील चुकीचे परिणाम केवळ नावापुरते राहतात असे नाही. पदवीच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या शिकविला गेलेला सॅप्रोलेग्निया पाहा. माशांच्या अंगावर कापसासारखा वाढणारा हा जीव दिसायला कवकच. पण त्याची पेशीभित्तिका कायटिनची नसून प्रामुख्याने सेल्युलोज व तत्सम ग्लुकनांची असते आणि त्याच्या पोहणाऱ्या बीजाणूला दोन कशाभिका असतात, त्यांपैकी एक पिसासारखी. त्याचा भाऊबंद अक्लिया याच्या रायबोसोम जनुकाचे वाचन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि हा गट तपकिरी शैवाल व डायाटम यांच्या जवळचा असल्याचे ठरले. प्रात्यक्षिकाच्या वहीत सॅप्रोलेग्नियाची आकृती काढण्यास हरकत नाही; तिच्याखाली 'कवक' असे लिहिणे मात्र आता सोडावे.

दुसरे उदाहरण माणसाच्या शरीरातील आहे. तळ्यात, साचलेल्या पाण्यात अंघोळ करणाऱ्यांच्या आणि नदीतील वाळू काढणाऱ्यांच्या नाकात लालसर, पांढऱ्या ठिपक्यांची, स्ट्रॉबेरीसारखी गाठ वाढते. रक्त येते, श्वास अडतो. या रोगाचे जगातील बहुतांश रुग्ण भारत व श्रीलंका येथे आढळतात. त्याला कारण असलेल्या ऱ्हायनोस्पोरिडियम सीबेरी या जीवाची नोंद १९०० साली ब्वेनोस आयरेस येथे सीबर यांनी केली. १९२३ मध्ये अॅशवर्थ यांनी त्याला कवकांत जागा दिली आणि तो तेथेच राहिला. प्रयोगशाळेत तो वाढत नाही, त्यामुळे उलटतपासणी करणे कठीण. भारतातील काही संशोधकांनी मध्यंतरी तो नीलहरित शैवाल असल्याचा दावाही केला. १९९९ मध्ये रोग्यांच्या गाठींतून घेतलेल्या डीएनएवरून वेगळेच सत्य पुढे आले. हा जीव कवकही नाही आणि शैवालही नाही. प्राणी व कवक यांचे वंश जेथे विभागतात त्या सांध्याजवळच्या एकपेशीय जलचरांचा तो भाऊबंद आहे. त्याच्या जवळचे अनेक जीव माशांवरील परजीवी आहेत.

याचा रोग्याशी संबंध काय? कवकनाशक औषधे कवकाच्या पेशीतील विशिष्ट घटकांवर हल्ला करतात. कवक नसलेल्या जीवावर त्यांचा भरवसा धरता येत नाही. गाठ काढून तिचे बूड डागणे हाच आजही मुख्य उपाय आहे. कित्येक पाठ्यपुस्तकांत हा रोग 'बुरशीजन्य' या शीर्षकाखाली छापला जात राहिला, हे खेदाने म्हणावे लागते.

याउलट, एखादे खरे कवक डोळ्यांना न दिसता डीएनएवरून सापडते तेव्हाही बरेच काही पणाला लागलेले असते. बेडकांच्या त्वचेवर वाढणाऱ्या बॅट्रॅकोकायट्रियम या गोड्या पाण्यातील कवकाने जगात अनेक बेडूक-जाती संपविल्या आहेत. उत्तर सह्याद्रीतील बेडकांच्या त्वचेवर त्याचा आशियाई प्रकार आढळल्याचे पुण्याच्या आयसर संस्थेतील नीलेश डहाणूकर व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये पीसीआरच्या आधारे दाखविले. तेथे बेडूक वरवर आजारी दिसत नव्हते. केवळ रूपावर विसंबले असते तर हे कळलेच नसते.

केवळ डीएनए पुरेसा का नाही

२०११ मध्ये इंग्लंडच्या एक्सेटर विद्यापीठाच्या आवारातील तळ्याच्या पाण्यातून कवकांची एक संपूर्ण नवी शाखा डीएनएवरून उघडकीस आली. संशोधकांनी चमकणाऱ्या खुणा जोडून त्या पेशी शोधल्या तेव्हा त्या सूक्ष्म, आणि तपासलेल्या अवस्थांत कायटिनची भिंत नसलेल्या निघाल्या. येथे निदान पेशी तरी दिसल्या. जगातील तळ्यांच्या व नद्यांच्या पाण्यातून असे असंख्य अनुक्रम मिळत आहेत ज्यांचा जीव कोणी पाहिलेला नाही. त्यांना नाव नाही. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार नव्या जातीला प्ररूप नमुना लागतो. नुसता अनुक्रम प्ररूप म्हणून चालत नाही. वर्णन, प्ररूप कोठे ठेवला आहे त्याचा उल्लेख आणि १ जानेवारी २०१३ पासून मान्य नोंदणीकोशातील क्रमांक, हे सारे पाहिजे. लॅटिन वर्णनाची सक्ती मात्र २०१२ पासून गेली, इंग्रजीतही चालते.

याच काळात आणखी एक जुनी अडचण सुटली. एकाच कवकाला अलैंगिक अवस्थेसाठी एक आणि लैंगिक अवस्थेसाठी दुसरे नाव देण्याची मुभा होती. जसे एखाद्या ग्रंथालयात शिरवाडकर व कुसुमाग्रज, असदुल्ला खाँ व ग़ालिब अशी वेगवेगळी पत्रे ठेवावीत. २०११ च्या मेलबर्न परिषदेनंतर एका कवकाला एकच नाव हे तत्त्व आले. दोन अवस्था एकाच जीवाच्या आहेत हे डीएनएवरून सिद्ध करता येऊ लागले, म्हणूनच हे शक्य झाले.

आपल्याकडील स्थिती

सह्याद्रीचे ओढे कवकांच्या दृष्टीने श्रीमंत आहेत. मंगळूर विद्यापीठात के. आर. श्रीधर व सहकाऱ्यांनी तेथील ओढ्यांतील इंगोल्डीय कवकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. गोवा विद्यापीठात डी. जे. भट यांनी पाने व काटक्यांवरील सूक्ष्मकवकांना वाहून घेतले. ब्राइस केंड्रिक यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी पश्चिम घाट व अंदमानातील २५ नव्या कवकांचे वर्णन एकाच निबंधात केले. पुण्यात १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळविलेल्या नमुन्यांचा अजरेकर कवकसंग्रह आहे आणि जिवंत कवकांचा राष्ट्रीय साठाही आहे. ज्यांच्या नावाने ही संस्था आहे त्या शं. पु. आघारकरांनी तरुणपणी सह्याद्रीच्या नद्यांत गोड्या पाण्यातील जेलीफिश शोधला होता, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

अडचण अशी की, विसाव्या शतकात वर्णिलेल्या बहुतेक भारतीय जातींचा आधार म्हणजे एक रेखाचित्र आणि एक सुकलेला नमुना किंवा काचपट्टी. त्यांतून डीएनए मिळणे कठीण, अनेकदा अशक्य. अशा जाती आज वंशवृक्षावर कोठेच बसत नाहीत. मूळ ठिकाणाहून तेच कवक पुन्हा गोळा करून, वाढवून, त्याचा अनुक्रम वाचून, जुन्या प्ररूपाला आधार म्हणून नवा नमुना जोडण्याची सोय संहितेत आहे. पण त्यासाठी तो ओढा तेथे असावा लागतो, आणि त्याचे पाणी वाहते, स्वच्छ असावे लागते. धरणाखाली गेलेल्या किंवा सांडपाण्याने काळवंडलेल्या ओढ्यातून गोळा केलेल्या जातीचे रेखाचित्र तेवढे उरते.

महाविद्यालयात काय करता येईल

सुरुवात सूक्ष्मदर्शकापासूनच करावी. इंदूरच्या अध्यापकाने लालबागजवळच्या खान नदीत या कवकांची फारशी अपेक्षा धरू नये. शहराच्या सांडपाण्याने ती दीर्घकाळ ग्रासलेली आहे, आणि ही कवके प्राणवायूने भरलेल्या खळाळत्या पाण्याची. तेथील फेस बहुधा साबणाचा. महूच्या पलीकडे पातालपाणी व चोरल नदीचा परिसर अधिक योग्य. पावसाळा ओसरल्यावर जावे, कारण पावसाळ्यात तेथे पाणी अचानक चढते. फेस चमच्याने बाटलीत घ्यावा व लगेच फॉर्मॅलिन-अॅसेटिक-अल्कोहोलचे थोडे मिश्रण घालावे, नाही तर बीजाणू वाटेतच अंकुरतात. कुजकी पाने धुऊन, पेट्री-पात्रात उथळ निर्जंतुक पाण्यात एक-दोन दिवस ठेवली की ताजे बीजाणू सुटतात. लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यूने रंगविल्यावर चारशेपट मोठे करून पाहणे पुरेसे आहे.

अनुक्रम वाचण्याचे काम आता व्यावसायिक प्रयोगशाळा करून देतात. महाविद्यालयाने स्वतःचे यंत्र घेण्याची गरज नाही. गरज आहे ती शुद्ध संवर्धनाची आणि नोंदीची. प्रत्येक नमुन्यासोबत ओढ्याचे नाव, दिनांक, पान कोणत्या झाडाचे, पाण्याचे तापमान, बीजाणूची मोजमापे घेतलेली आकृती आणि ती काढणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव असावे. संवर्धनाचा एक भाग पुण्याच्या साठ्याकडे पाठवावा आणि एक काचपट्टी, डिंकाने नव्हे तर नीट मुद्रित करून, महाविद्यालयाच्या कपाटात ठेवावी.